बरं होणं आणि बरं वाटणं : किरणांच्या शेकाची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांवर बोलतो, शेळ्यांवर बोलतो, पोरांच्या फीवर बोलतो. पण कुणाच्या अंगावरून लाल जातंय, पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली तरी परत डाग दिसतोय, असं काही निघालं की आवाज लगेच खाली जातो. मग कुणी म्हणतं उष्णता झाली असेल, कुणी म्हणतं वयाचं असेल. आणि विषय तिथंच मिटतो.

त्या मिटलेल्या विषयांतला एक विषय आज उघडायचा आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आतल्या पिशवीचा, मूत्राशयाचा, गुदाशयाचा कॅन्सर, म्हणजे ओटीपोटातले कॅन्सर. लवकर कळले तर यातले बरेच बरे होतात. उशिरा कळले तर काही बरे होत नाहीत. आणि बरे होणार नाहीत म्हटलं की घरच्यांच्या कानावर एकच वाक्य येतं : आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. हे वाक्य बहुतेक वेळा अपुरं असतं. आजार जाणार नसला तरी रक्त थांबवता येतं, दुखणं कमी करता येतं. त्यासाठी जे उपचार आहेत त्यांतला एक म्हणजे रेडिएशन. डॉक्टर त्याला किरणोपचार म्हणतात, आपली माणसं ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. या शेकाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आज सांगते. त्यात ठिकठिकाणी बायका आहेत : रुग्ण म्हणून, डॉक्टर म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या म्हणूनसुद्धा.

अंगठीचा हात आणि पॅरिसची शेड

1895 सालच्या नोव्हेंबरात जर्मनीत विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला डोळ्यांना न दिसणारे किरण सापडले. काय आहेत ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ किरण म्हटलं. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीचा, ॲना बर्थाचा, हात त्या किरणांसमोर धरून फोटो काढला. फोटोत बोटांची हाडं दिसली आणि हाडावर अंगठी दिसली. आज आपण ‘एक्स-रे’ म्हणतो तो हाच.

दुसरी गोष्ट पॅरिसची. 1898 साली मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम नावाचं नवं मूलद्रव्य असल्याचं जाहीर केलं. पण जगाला दाखवायला ते हातात हवं होतं. त्यासाठी खाणीतून टाकून दिलेला मातीदगडाचा चोथा टनांनी आणला. गळक्या छपराच्या एका शेडमध्ये मेरीबाई मोठ्या भांड्यांत तो उकळायच्या आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्यानं ढवळायच्या. हुरडा-हळदीच्या हंगामात चुलाणावर उभं राहणाऱ्या बाईला ते कष्ट सांगायला नकोत. चार वर्षांनी, 1902 साली, हाती आलं ते ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं रेडियमचं क्षार. चिमटीत मावणार नाही, उडूनच जाईल, एवढं.

या रेडियमपासून सतत किरण निघत असतात. पिएर यांनी मुद्दाम ते स्वतःच्या दंडावर ठेवून पाहिलं, तर तिथं भाजल्यासारखी जखम झाली आणि ती भरून यायला पुष्कळ दिवस लागले. तेव्हा डॉक्टरांच्या मनात आलं : जे चांगल्या कातडीला भाजतं, ते वाईट गाठीला जाळणार नाही का? क्युरी पतिपत्नींनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. ज्याला रेडियम करायचं त्यानं करावं, असं ठेवलं.

मात्र हे किरण मैत्रीचे तसेच वैराचेही. मेरीबाई 1934 साली गेल्या त्या रक्त तयार न होण्याच्या आजारानं, आणि त्यामागे इतकी वर्षं किरणांजवळ उघड्यानं केलेलं काम होतं असं मानलं जातं. आज रेडिएशन विभागाच्या भिंती जाड असतात, यंत्र चालू असताना कर्मचारी बाहेर थांबतात, ते याच अनुभवातून शिकून.

बायकांनी बायकांसाठी

1903 साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. मार्गारेट क्लीव्ह्ज या बाईंनी काचेच्या बंद नळीत रेडियम घालून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर वापरलं. रुग्ण बाईचा आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला होता. या कॅन्सरवर रेडियम वापरल्याची ही अगदी पहिल्या नोंदींपैकी एक. म्हणजे पाहा, शेकाची सुरुवातच अशा बाईपासून झाली, जिच्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं.

पुढे 1910 साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला रेडियमच्या उपचारांसाठी दवाखाना निघाला, त्याचं नावच ‘रेडियमचं घर’. तिथं योनीमार्गातून रेडियम आत ठेवायची पद्धत बसवली गेली : थोडा वेळ ठेवायचं, काढायचं, काही दिवस जाऊ द्यायचे, पुन्हा ठेवायचं. अडचण एकच होती. रेडियम सोन्याहून कितीतरी महाग होतं.

किती महाग? पहिल्या महायुद्धानंतर एका ग्रॅमला एक लाख डॉलर पडत. ज्यांनी ते शोधलं त्या मेरीबाईंच्या प्रयोगशाळेतही संशोधनाला पुरेसं रेडियम नव्हतं. 1920 साली अमेरिकेतल्या एका महिला मासिकाच्या संपादक मिसी मेलोनी त्यांना भेटायला पॅरिसला गेल्या. तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची गरज आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मेरीबाईंनी एक ग्रॅम रेडियम सांगितलं. मेलोनीबाई परत गेल्या आणि त्यांनी देशभरच्या बायकांकडून वर्गणी गोळा करायला घेतली. श्रीमंत बायकांनी मोठ्या रकमा दिल्या, साध्या घरातल्या बायकांनी जमेल तेवढं दिलं. वर्षभराच्या आत एक लाख डॉलर उभे राहिले. 20 मे 1921 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांच्या हातून ते एक ग्रॅम मेरीबाईंना मिळालं. पुढे पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या रेडियम संस्थेसाठी आणखी एक ग्रॅमही अशाच वर्गणीतून आलं. थेंबाथेंबानं तळं साचतं हे आपल्याला गटाच्या पासबुकात रोज दिसतं. त्या तळ्याचं तेव्हा रेडियम झालं.

इंग्लंडमध्ये तर पुढचं पाऊल पडलं. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात 1929 साली मेरी क्युरी हॉस्पिटल सुरू झालं. तपासणाऱ्या, रेडियम ठेवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या सगळ्या डॉक्टर बायकाच, आणि रुग्णही बायका. त्यामागे डॉ. हेलन चेंबर्स यांची मोठी धडपड होती. पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजून घरीच राहणाऱ्या बायका तिथं येऊ शकल्या. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, त्या इमारतीवर बॉम्ब पडून ती उद्ध्वस्त झाली. काम मात्र थांबलं नाही.

1938 साली मँचेस्टरच्या डॉ. मार्गारेट टॉड आणि भौतिकशास्त्रज्ञ मेरेडिथ यांनी शेकाचं माप बसवलं. तोवर ‘इतकं रेडियम, इतके तास’ असा अंदाज असायचा. एकीला कमी पडायचं, दुसरीचं मूत्राशय नाहीतर आतडं भाजायचं. या दोघांनी पिशवीच्या तोंडापासून ठराविक अंतरावरची एक जागा धरली आणि तिथं किती किरण पोचले ते मोजायचं ठरवलं. आमटीत मीठ किती हे भांड्यावरून नाही, चवीवरून ठरवायचं, तसंच. त्या जागेला ‘पॉइंट ए’ म्हणतात. हे नाव आजही जगभरच्या रेडिएशन विभागांत वापरात आहे.

1951 साल : दोन बायका

1951 साल या इतिहासात दोन बायकांसाठी लक्षात ठेवावं.

पहिली हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली कृष्णवर्णीय, शेतावर तंबाखूत राबलेली, पाच मुलांची आई. ‘आत गाठ लागते’ म्हणून ती बाल्टिमोरच्या मोठ्या रुग्णालयात गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रेडियम ठेवलं, नंतर बाहेरून शेक दिले, पण आजार पसरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या 31व्या वर्षी ती गेली. उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेला दिला होता. तिला विचारलं नव्हतं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, जगभर गेल्या, त्यांच्यावर असंख्य शोध लागले. पुढे 1980च्या दशकात हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं, तेव्हा तो विषाणू तिच्या पेशींतही सापडला. आज मुलींना देतात ती लस त्याच ज्ञानातून आली. तिच्या घरच्यांना मात्र वीसेक वर्षं यातलं काही ठाऊक नव्हतं. दवाखान्यात सही करण्याआधी ‘हे कशासाठी?’ असं विचारायचा आपला हक्क किती महत्त्वाचा, हे हेन्रिएटाच्या गोष्टीतून कळतं.

दुसरी बाई कॅनडाच्या सास्काटून गावची. वय 43, चार मुलांची आई, तिलाही हाच कॅन्सर, बराच वाढलेला. तिथं त्या वर्षी कोबाल्ट नावाच्या नव्या किरणोत्सर्गी धातूचं यंत्र बसवलं होतं. हे किरण बाहेरूनच पोटात खोलवर पोचत आणि वरची कातडी कमी भाजे. त्या यंत्रावर शेक घेणारी ती पहिली रुग्ण. ती बरी झाली आणि नव्वदीपर्यंत जगली. ते यंत्र उभं करणाऱ्या चमूत सिल्व्हिया फेडोरुक ही तरुण शास्त्रज्ञही होती.

एकाच वर्षी, एकच आजार. एक वाचली, एक गेली.

आपल्याकडे

आपल्याकडे या गोष्टीला सुरुवात दुःखातूनच झाली. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी, देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या, 1927 साली विधान परिषदेत गेलेल्या. त्यांची धाकटी बहीण 1923 साली गुदाशयाच्या कॅन्सरनं गेली. रक्त पडत होतं, त्याला आमांश समजून औषधं दिली गेली होती. बहिणीचे हाल पाहून मुथुलक्ष्मीबाईंनी कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय काढायचं मनात धरलं. त्यासाठी तीस वर्षं झगडल्या. 1954 साली अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं आणि 1957 साली तिथं कॅनडाकडून भेट मिळालेलं कोबाल्ट यंत्र लागलं.

मुंबईत मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या नावच्या ट्रस्टनं परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं, ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं. पुढे 1962 पासून ते देशाच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. रुग्णालय आणि अणुऊर्जा यांचा काय संबंध, असं वाटेल. पण कोबाल्टसारखा किरणोत्सर्गी माल तयार होतो तो अणुभट्टीत. भाभा अणुसंशोधन केंद्रानं पुढे ‘भाभाट्रॉन’ नावाचं देशी कोबाल्ट यंत्र बनवलं आणि 2005 साली पहिलं यंत्र नवी मुंबईत खारघरला बसलं. परदेशी यंत्रापेक्षा स्वस्त असल्यानं ते लहान शहरांतल्या रुग्णालयांनाही परवडू लागलं.

आणि बार्शी! सोलापूर जिल्ह्यातलं आपलं बार्शी. 1987 साली बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांच्या गावांत कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. गावखेड्यातली ती देशातली पहिली. नुसतं घरी बसून नोंदी नाही, कार्यकर्ते गावोगाव फिरून ‘अंगावरून जातंय का, मधेच रक्त दिसतंय का’ हे विचारत, समजावत. त्यातून दिसलं की बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा आहे. आणि हेही दिसलं की माहिती पोचली तशा बायका लवकरच्या टप्प्यात तपासायला येऊ लागल्या. मग 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. 2009 साली त्याचा निष्कर्ष जगासमोर आला : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनंसुद्धा या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभरचे डॉक्टर आज तपासणीबद्दल जे सांगतात, त्याचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला आहे.

बरं होणार नसेल तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सुरुवातीची अनेक वर्षं डॉक्टरांचं लक्ष एकाच प्रश्नावर होतं : आजार गेला की नाही? जिचा जाणार नाही, तिचं काय, हा प्रश्न मागे राहिला. तो पुढे आणला लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि रुग्णांचं दुखणं डॉक्टर ऐकत नाहीत म्हणून वयाच्या तिशीनंतर स्वतः डॉक्टर झालेल्या. 1967 साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. दुखणं फक्त अंगाचं नसतं, मनाचं, घरच्या काळजीचं, पैशाचंही असतं, आणि सगळ्यावर इलाज करायचा असतो, हे त्यांनी शिकवलं. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. भारतातलं पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन. गोव्यातही त्यांची शाखा आहे.

याच विचारातून शेकाचा हिशोबही बदलला. बरं करण्यासाठीचा शेक लांब असतो : आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे, शिवाय आतून द्यायचा शेक आणि केमो. ती बाई उपचार सोसू शकते आणि बरी होऊ शकते, म्हणून एवढं करायचं. पण जिच्या हातात थोडे महिने आहेत, तिचे दीड महिना रुग्णालयाच्या वाऱ्यांत घालवायचे का?

अमेरिकेत 1980च्या सुमाराला ओटीपोटाच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी एक मोठा शेक महिन्यातून एकदा देऊन पाहिला. रक्त आणि दुखणं कमी झालं, पण ज्या बायका जास्त दिवस जगल्या त्यांच्यातल्या कित्येकींच्या आतड्यांना पुढे गंभीर इजा झाली. मग तोच शेक लहान भागांत वाटला : दिवसातून दोनदा, दोन दिवस, असे चार. तीन-चार आठवडे थांबायचं. बाईला बरं वाटत असेल तर पुन्हा चार, जास्तीत जास्त तीन वेळा. त्रास पुष्कळ कमी झाला. मधल्या विश्रांतीत तब्येत खालावली तर पुढचं थांबवता येतं, बाईला उगाच खेपा पडत नाहीत. काही ठिकाणी एकच शेक देतात, काही ठिकाणी आठवडा-दोन आठवडे रोज. बाईची ताकद, घर किती लांब, आजार कुठवर गेलाय, यावर ते ठरतं.

शेकानं रक्त थांबतं कसं? गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, नुसत्या स्पर्शानं फुटतात. किरणांनी त्या आकसतात, बंद होतात, गाठीच्या पेशी मरायला लागतात. म्हणून रक्त बऱ्याच जणींचं थोड्या दिवसांत कमी होतं. दुखणं कमी व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. घाण वास आणि पाणी जाणंही उतरतं. शेक घेताना टेबलावर स्वस्थ पडून राहायचं, काही मिनिटांत होतं, तेव्हा दुखत नाही. शॉक लागत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. तिनं नातवाला मांडीवर घ्यावं, तिच्या ताटात जेवावं, काही होत नाही. थकवा येतो, जुलाब होतात, लघवीला जळजळतं, ते बहुतेक काही दिवसांत उतरतं.

शेकाला मर्यादाही आहेत. लघवीच्या किंवा संडासच्या जागेशी आतून भोक पडलं असेल तर ते शेकानं बुजत नाही. आधी पूर्ण शेक झालेला असेल तर परत देता येईलच असं नाही. अगदी शेवटचे दिवस असतील तर नेण्याआणण्याचा त्रासच जास्त. तेव्हा औषधं असतात : रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, वास घालवण्यासाठी मेट्रोनिडॅझोल, आणि दुखण्यासाठी मॉर्फिन. 1985च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळणंच दुरापास्त झालं होतं, 2014 साली कायदा बदलून वाट थोडी मोकळी केली गेली. डॉक्टरांच्या मापानं घेतलेल्या मॉर्फिननं माणूस व्यसनी होत नाही. रात्रीची झोप लागते.

आमच्या भागातल्या एका गटातल्या मावशींचं सांगते. वर्षभर उष्णता म्हणून अंगावर काढलं. तपासलं तेव्हा आजार पुढे गेलेला. एका दवाखान्यात ‘घरी न्या’ सांगितलं. मुलगा म्हणाला, बैल विकतो पण आईला बरी करतो. आशाताईंनी दुसऱ्या रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला सरळ सांगितलं : बरी होणार नाही, पण रक्त थांबवू, त्याला बैल विकायला लागणार नाही. दोन दिवस शेक झाले, आठवडाभरात कपडा कोरडा राहायला लागला. मावशी पाचएक महिन्यांनी गेल्या. पण तोवर त्या ओसरीवर चार बायकांत येऊन बसत होत्या. रक्ताच्या आणि वासाच्या लाजेनं त्यांनी ते केव्हाचं सोडलं होतं.

गटानं काय करावं

डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. हा उपचार आजार घालवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? किती दिवस, किती खेपा? केला नाही तर काय होईल? उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारायचं. आणि हे आजारी बाईच्या समोर, तिला विचारून. तिच्या माघारी ठरवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आणि रेडिएशन बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला तिकिटात सवलत आहे, त्याचे कागद विचारा. घरात गडद रंगाचे टॉवेल ठेवा, रक्त दिसून बाई घाबरत नाही. अचानक जास्त रक्त गेलं तर थांबू नका, 108ला फोन करा.

आणि जिला अजून काही झालेलं नाही तिच्यासाठी : तिशीनंतर तपासणी करून घ्या, आणि पाळी बंद झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या बैठकीत हप्त्यांची वही मिटली की पाच मिनिटं यावर बोला. आवाज खाली न घेता बोला.